दाजी, ओहोटीचं मला सकाळीच कळलं होतं

दाजी,

परवा सांगलीला तुमचं तेरावं झालं. जेवणं उरकल्यावर माणसं सोप्यात बसून तुमच्याबद्दल बोलत राहिली. हळदीच्या पेठेतले लोक तुमच्या नाकाबद्दल बोलले. हळकुंड मोडून नुसतं हुंगलं की तुम्ही माल कुठल्या गावचा ते सांगायचात. नदीवरचे लोक तुमच्या पोहण्याबद्दल बोलले. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी आक्काचा, तुमच्या बायकोचा, सख्खा धाकटा भाऊ, तुमचा एकुलता एक मेहुणा, आणि माझ्या तोंडातून शब्द फुटेना. लोकांना वाटलं, दुःखानं. दुःख होतंच. पण गप्प बसायचं कारण वेगळं होतं. चार वर्षांपूर्वी गुहागरला समुद्रावर मी तुम्हाला एक वाक्य बोललो, ते बोलायला नको होतं. आणि एक बोललो नाही, ते बोलायला हवं होतं. पहिलं आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे. दुसरं परवापर्यंत माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हतं.

समुद्रावर जायची टूम तुमचीच. मला शिरवळच्या कारखान्यातून मे महिन्यात सलग चार दिवस रजा मिळाली, हेच नवल होतं. मी म्हणालो, साताऱ्यात पडून राहीन, छपराकडं बघत. तुम्ही सांगलीहून शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केलात. "आवं पावनं, छप्पर काय पळून जातंय व्हय? कऱ्हाडला स्टँडवर या सगळी. पुढचं माझ्यावर सोडा."

कऱ्हाडला तुम्ही आणि आक्का आधीच येऊन बसला होता. हळदीच्या नमुन्याच्या पुड्या बांधायचा तो खाकी कागद तुमच्या खिशात होता आणि त्याच्यावर चार दिवसांचा कार्यक्रम लिहिलेला होता. सुट्टीत समुद्रावर जाऊन काय काय करायचं, ते तासावारी. पहाटे वाळूत अनवाणी चालणे, आक्काच्या गुडघ्यांसाठी. शिंपले गोळा करणे, माझ्या पोरीसाठी, रूपासाठी. रापणीचं जाळं किनाऱ्यावर ओढणे, नुसतं बघणे नव्हे. सुपारीची बाग. ग्रामदैवत. मासे, पावनं आणि मी, बायकांना न सांगता. सूर्य बुडताना बघणे, रोज, चुकवायचं नाही. आणि सगळ्यात खाली, काहीही न करणे, अर्धा तास. मी ते वाचून हसलो तर तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "लोकं समुद्रावर जात्यात आन् नुसती बसत्यात. आपण काय बसाय चाललोय?"

कोयनानगर मागं पडल्यावर आपला वाद सुरू झाला, आठवतंय? तुमचं म्हणणं, समुद्र म्हणजे काय, सगळ्या नद्यांचं साठवण, आणि ज्याला नदी कळली त्याला समुद्र कळला. मी म्हणालो, तुमची कृष्णा या समुद्राला ओळखतसुद्धा नाही, ती उलट्या दिशेनं जाते, पार आंध्रातून पलीकडच्या समुद्राला मिळते. तुम्ही हात झटकलात. मग म्हणालात, "पानी ते पानी, पावनं. तुमाला पवाय येत न्हाई, तुमी कशाला बोलता?" सगळी गाडी हसली. मीही हसलो. पण ते मला लागलं. मला पोहता येत नाही हे तुम्ही दर लग्नात, दर बारशाला सांगायचात. साताऱ्याच्या चारभिंतीच्या डोंगराखालचा कोरडा पाव्हणा म्हणायचात. मेहुण्याची थट्टा करायचा तुमचा हक्क होता, आणि मी तुमची केलेली थट्टा काही कमी नव्हती. तरी लागलं. हे आज सांगतो कारण पुढचं सगळं तिथून सुरू झालं.

पहिले दोन दिवस मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. आपण एका वाडीत उतरलो होतो, घरगुती सोय होती, मालकीणबाई स्वतः वाढायच्या. तुम्ही फणसाच्या भाजीला तिसऱ्यांदा हात पुढं केलात तेव्हा आक्कानं पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी आपण दोघं "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणून निघालो आणि बाजारात एका खानावळीत मासे खायला बसलो. काटा तुमच्या घशात अडकला. तुम्ही भाताचे गोळे गिळत होता, डोळ्यांतून पाणी, आणि तशातही मला खुणावत होता की आक्काला सांगू नका. संध्याकाळी सूर्य बुडताना तुम्ही उभे राहिलात, आम्हालाही उभं केलंत. रूपा तेव्हा नऊ वर्षांची. तिनं विचारलं, "मामा, रोज बुडतो तर उद्या बघू की." तुम्ही म्हणालात, "उद्याचा येगळा आसतोय." आमच्याकडं आत्याच्या नवऱ्याला मामाच म्हणतात. पण रूपासाठी तुम्ही सख्ख्या मामाहून जवळचे. सहाव्या वर्षापासून प्रत्येक सुट्टीला ती सांगलीला. वाळका भोपळा पाठीला बांधून तुम्ही तिला कृष्णेत सोडलीत, दुसऱ्या वर्षी भोपळा काढलात. बापाला न येणारी गोष्ट पोरीला शिकवलीत. तुम्हाला मूल नव्हतं. सुट्टीचे ते दोन महिने तुम्हाला मूल होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम बदलला. दोन दिवस आपण सकाळीच पाण्यात जात होतो. त्या दिवशी सकाळी किनाऱ्यावर रापण लागली आणि तुम्ही गावकऱ्यांच्या बरोबर दोर ओढायला गेलात, रूपाला घेऊन. समुद्राचं दुपारवर गेलं. मी मागं राहिलो होतो. परसात चुलवणापाशी आंघोळीचं पाणी काढत होतो. मालकीणबाई तिथं वाळत घातलेल्या सुपाऱ्या पालथ्या करत होत्या. त्यांनी विचारलं, "आज समुद्रावर दुपारी जाणार का?"

मी म्हणालो, हो, तीनच्या सुमाराला.

"मग एक लक्षात ठेवा हो. तेव्हा ओहोटी असते. पाणी आत ओढतं. दिसायला थोडं दिसतं, पण भरतीपेक्षा तेच वाईट. मुलीला घोट्याच्या वर जाऊ देऊ नका. आणि तुमच्या त्या सांगलीच्या पाहुण्यांना सांगून ठेवा, ते फार आत जातात."

इतकं स्पष्ट, दाजी. यात न कळण्यासारखं काय होतं? मी बादली उचलली आणि "बरं" म्हणालो.

तुम्हाला सांगितलं नाही. का, ते चार वर्षं मी स्वतःला वेगवेगळं सांगत आलो. विसरलो. तुम्ही दमून आला होता. जेवणाची गडबड होती. सगळं खोटं. जेवताना ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. तुम्ही समोर बसला होता, दोरानं सोलवटलेले तळवे आक्काला दाखवत. माझ्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं आलं. मी सांगणार, तुम्ही हसणार, "झालं, पावन्याला पान्याचं भ्या वाटाय लागलं" म्हणणार, रूपाही हसणार. माझी पोरगी माझ्यावर हसणार. मी आमटीचा भुरका मारला आणि गप्प बसलो. मनात म्हणालो, एवढा पट्टीचा पोहणारा बरोबर आहे, काय व्हायचंय.

तीन वाजता आपण वाळूवर आलो. सकाळी जिथं लाटा आपटत होत्या तिथं ओली, गच्च वाळू होती आणि पाणी कितीतरी मागं सरकलेलं. तुम्ही कमरेवर हात ठेवून बघितलंत. तुम्ही पाण्याकडं बघताना नेहमी तसेच उभे राहायचात, पेठेत पोत्याकडं बघताना राहायचात तसे.

"बगा पावनं. सकाळी पानी त्या होडीपतोर हुतं. आता कुटं गेलंय बगा. उतरलंय समदं. उतरत्या पान्याला भ्यायाचं काय बी कारन न्हाई."

हे सांगलीचा माणूसच म्हणू शकतो. तुमच्या गावात पावसाळ्यात सगळं गाव पुलाच्या खांबाकडं बघत असतं. पाणी चढतंय म्हटलं की पोती माडीवर, पाणी उतरतंय म्हटलं की चहा चुलीवर. उतरतं पाणी म्हणजे संकट टळलं, हे तुम्ही पाळण्यातच शिकला होता. समुद्राचं उतरतं पाणी माणसाला बरोबर घेऊन जातं, हे तुम्हाला कोण सांगणार? सांगणारा तुमच्या शेजारी उभा होता. घोट्यापर्यंत पाण्यात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

तेव्हासुद्धा वेळ होता. रूपा तुमचा हात धरून पुढं चालली होती. मी हाक मारली असती तर वळली असती. मी म्हणालो, "जास्त आत जाऊ नका हं." एवढंच. तुम्ही मागं न बघता हात हलवलात.

पाणी तिच्या कमरेला लागलं. मग एक लाट आली, मोठीही नव्हती. ती परत जाताना रूपाच्या पायाखालची वाळू घेऊन गेली आणि रूपाही गेली. तुमच्या हातातून तिचा हात सुटलेला मी पाहिला. तिचं डोकं दिसलं, लाल रिबन दिसली, मग फक्त रिबन. माझी बायको सुमन किंचाळली. तुम्ही सूर मारलात.

मी जागचा हललो नाही. पोहता न येणारा बाप दुसरं काय करणार, असं लोक म्हणाले. पण हाका मारता येतात. होडीकडं धावता येतं. मी तेही केलं नाही. माझ्या डोक्यात मालकीणबाईंचा आवाज होता, घोट्याच्या वर जाऊ देऊ नका, घोट्याच्या वर जाऊ देऊ नका.

तुम्ही तिला धरलंत ते आम्हाला दिसलं. मग तुम्ही किनाऱ्याकडं यायचं सोडून आडवे निघालात. दक्षिणेकडं, किनारा तसाच बाजूला ठेवून, लांब लांब. आक्का माझा दंड धरून विचारत होती, "आरं, हिकडं का येत न्हाईत? तिकडं कुटं चाललेत?" मला वाटलं, तुम्हालाही पाणी नेतंय. दोन डोकी टोकाच्या खडकापलीकडं गेली आणि दिसेनाशी झाली. तुम्ही नदीचे माणूस होता म्हणून तसं केलंत, हे मला पुष्कळ उशिरा कळलं. ओढीशी समोरासमोर झुंजायचं नाही, आडवं कापत जायचं आणि मिळेल त्या घाटाला लागायचं, पुरात तुम्ही तसंच करायचात. सरळ आमच्याकडं यायला निघाला असतात तर दोघंही आला नसतात. पण तेव्हा ते मला कळत नव्हतं. तेव्हा मी एवढंच मोजत होतो की किती वेळ झाला.

खडकाच्या पलीकडून तुम्ही चालत आलात, रूपाला खांद्यावर घेऊन. ती खोकत होती, उलट्या करत होती, जिवंत होती. तुमच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तुम्ही तिला सुमनच्या मांडीवर ठेवलीत आणि वाळूवर बसलात. मी तुमचे पाय धरायला हवे होते. मी तुमच्या अंगावर ओरडलो.

"तुमाला सोताचं पोर न्हाई! दुसऱ्याचं ऱ्हायलं काय आन् बुडलं काय, तुमाला काय त्याचं!"

किनाऱ्यावर माणसं जमली होती. आक्काच्या चेहऱ्याकडं मी पाहिलं नाही. तुम्ही मान खाली घालून बसला होता, केसांतून पाणी गळत होतं. तसेच बसून म्हणालात, "चुकलं माजं, पावनं." माझं चुकलं होतं, आणि तुम्ही म्हणालात, चुकलं माझं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आपण निघालो. मालकीणबाई दारात आल्या तेव्हा मी घाईनं पिशव्या उचलल्या, त्या आता तुमच्यासमोर बोलतील म्हणून. त्यांनी माझ्याकडं एकदा नीट पाहिलं आणि रूपाच्या हातात कोकमाची पुडी दिली. काही बोलल्या नाहीत. मी सुटलो. त्या सुटकेची लाज मला आजही वाटते.

कुंभार्ली घाट चढून गाडी कोयनानगरला चहाला थांबली. तुम्ही दोन कप घेऊन माझ्या खिडकीखाली आलात. मी काच वर केली नाही. तुम्ही थोडा वेळ थांबलात, मग दोन्ही कप परत घेऊन गेलात. कऱ्हाडला तुमची गाडी दक्षिणेला आणि आमची उत्तरेला. रूपा माझ्या मागून "मामा" म्हणाली. मी तिला आत ओढली.

त्यानंतरचं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवाळीला मी सांगितलं, रूपाची शिकवणी आहे. मे महिन्यात, तिला कांजिण्या आल्यात. आल्या नव्हत्या. मग तुम्ही विचारायचं बंद केलंत. घरात त्या दुपारची गोष्ट ठरूनच गेली, मामांनी फुशारकीपायी पोरीला आत नेली आणि ती वाचली ती देवाच्या कृपेनं. मी ती गोष्ट तशी सांगायचो आणि दर वेळी त्यात तुम्हाला थोडं आणखी आत न्यायचो. रूपाला त्यातलं पाणी नाकातोंडात गेलेलं आठवत होतं, बाकीचं तिनं माझ्याकडून ऐकलं. लग्नाकार्यात तुम्ही भेटलात की मी "काय दाजी, बरं आहे ना" म्हणायचो. तुम्ही "हाय की" म्हणायचात. थट्टा तुम्ही परत कधी केली नाहीत. एकदाही नाही. मला पोहता येत नाही हे त्यानंतर कुठल्याच लग्नात कुणी सांगितलं नाही.

दर वेळी वाटायचं, सांगावं. मागच्या वर्षी साताऱ्याच्या स्टँडवर तुम्हाला सोडायला आलो होतो, गाडीला वीस मिनिटं होती. आपण दोघं बाकावर. मी म्हणालो, "दाजी, एक बोलायचं होतं." तुम्ही लगेच वळलात, इतक्या आशेनं वळलात की मी घाबरलो. म्हणालो, "आक्काच्या गुडघ्याला इथला डॉक्टर बघू या." तुम्ही म्हणालात, "बगू." मला वाटलं होतं, अजून वेळ आहे. तुमचं वय ते काय होतं.

काल सकाळी पाव्हणे गेल्यावर मी आक्कापाशी स्वयंपाकघरात जाऊन बसलो. ती तांदूळ निवडत होती. मी तिला सांगितलं. परस, मालकीणबाई, त्यांचे शब्द, जेवताना गप्प बसलो ते, सगळं. तिचा हात थांबला नाही.

"आत्ता आलास व्हय सांगाय," ती म्हणाली.

मी म्हणालो, "आक्का, माझं चुकलं."

"हे मला सांगून काय उपेग? ज्यानला सांगायचं हुतं, त्ये चार वर्सं हितं भिताडाला टेकून बसलं हुतं. नदीवर जायाचं सोडलं तुज्या त्या बोलन्यापासनं. पोरं दारात यायची, मामा शिकवा म्हनायची. म्हनायचं, मला पान्यातलं कळत न्हाई, दुसऱ्याकडं जावा." तिनं सूप खाली ठेवलं. "रातचं उठून मला इचारायचं, माजं कुटं चुकलं गं? पानी उतरलेलं हुतं की. एक कारड टाकलं आसतंस तर मानूस सुटला आसता."

हे मला माहीत नव्हतं, दाजी. तुम्ही नदी सोडलीत हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नाही.

मी रडायला लागलो. आक्कानं मला जवळ घेतलं नाही. लहानपणी पडलो-झडलो की तीच घ्यायची. ती म्हणाली, "रूपीला सांगितलंस?"

"नाही."

"मग हितं पान वाढणार न्हाई तुला. आदी तिला सांग."

रूपा मागच्या दारी पायरीवर बसली होती. तेरा वर्षांची आहे आता, तुमच्याइतकी उंच होणार असं वाटतं. मी शेजारी बसलो आणि सांगितलं. शेवटी विचारलं, "म्हणजे मामांनी मला फुशारकीनं नेलं नव्हतं. परत आणलं होतं."

"हो."

"मागच्या दिवाळीत ते साताऱ्याला आले होते," ती म्हणाली. "मी पाया पडायला गेले तर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवायला हात पुढं केला. मी मागं सरकले. ते म्हणाले, ऱ्हाऊ दे बाळ."

एवढंच बोलली आणि उठून आत गेली. मी तिच्या मागं गेलो नाही. माझी हिंमत झाली नाही.

दुपारी आम्ही निघालो तेव्हा सुमननं पिशव्या उचलल्या आणि रूपानं स्वतःची खाली ठेवली. आक्काला म्हणाली, "आत्या, मी राहते इथं. सुट्टीभर." आक्कानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "ऱ्हा की," म्हणाली, "तुजंच घर हाय." रूपानं आईला कपडे पाठवायला सांगितलं, शाळेचं दप्तर नको म्हणाली. मी तिच्याजवळ गेलो. ती माझ्या खांद्यावरून रस्त्याकडं बघत राहिली. मी काय बोलायचं? मी म्हणालो, "येतो." ती म्हणाली, "बरं."

गाडीत सुमन मध्ये बसली आणि खिडकीची जागा रिकामी राहिली. कऱ्हाड आलं, उंब्रज आलं. आज कामावरून घरी आलो तर तिची चप्पल दारात नाही, बाहेरच्या खोलीत कुणी गाणी लावत नाही. पोरगी सांगलीत आहे, तीन तासांच्या अंतरावर, सुखरूप, आणि तिला माझ्याशी बोलायचं नाही. एकाच दिवसात माझा जीव कासावीस झाला, दाजी. तुम्ही चार वर्षं कशी काढलीत?